माहुरात मेदिचींची पंगत

रेणुकामाता कुलदैवत असलेल्या घरात लग्न ठरलं की आधी मुहूर्ताची चर्चा होते आणि मग जेवणाची. आमच्या भाचीच्या लग्नात या दोहोंच्या मध्ये तिसराच विषय घुसला. थीम. भाची पुण्यात नोकरीला, नवरा मुलगाही तिकडचाच. पण लग्न माहुरातच लागेल, असं तिच्या आजीनं, म्हणजे ताईच्या सासूबाईंनी, देवीला केव्हाच कबूल करून ठेवलेलं. शेवटी तोडगा निघाला तो असा : जागा आजीची, थीम नातीची. आणि नातीनं निवडला युरोपचा प्रबोधनकाळ. रेनेसान्स वेडिंग. मखमली पडदे, मेणबत्त्यांची झुंबरं, लांबच लांब टेबलं, त्यावरून ओघळणारी द्राक्षं आणि मधोमध काहीतरी अख्खं भाजलेलं, जे आपल्याकडे शाकाहारी असायला हवं होतं.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. इतिहासाच्या मास्तराला लग्नघरात एरवी अक्षता वाटण्यापलीकडे काम नसतं. या वेळी मात्र मेनू आणि मांडणी ‘ऑथेंटिक’ व्हायला हवी, असा भाचीचा फोन आला आणि मी एकदम मानकऱ्यांच्या यादीत गेलो. ताईच्या सासूबाईंना मी मावशी म्हणतो. त्यांनी सगळा बेत शांतपणे ऐकून घेतला आणि एवढंच विचारलं, “ते लोक बसून जेवायलेत का उभ्यानं?”

“बसून, मावशी. राजा असो की रंक, मेजवानी म्हटली की बसूनच.”

“मंग चालतंय,” मावशी म्हणाल्या. “उभ्यानं खायचं तेवढं आपलेच शिकलेत.”

अशा रीतीनं युरोपच्या प्रबोधनकाळाला माहुरात मंजुरी मिळाली. मखमलीला मात्र मिळाली नाही. लग्न वैशाखातलं. वैशाखात माहुरात गडाचा दगड संध्याकाळी सातपर्यंत हात लावू देत नाही. तिथं मखमली अंगरखे घालून वऱ्हाड उभं करायचं म्हणजे सलाइनची सोय आधी करावी लागली असती. मेणबत्त्यांचा निकाल डेकोरेटरच्या गोदामातच लागला. त्या उभ्या राहायच्या आधीच वाकल्या.

मग मी भाचीला एक चित्र दाखवलं. पाओलो वेरोनेझे या व्हेनिसच्या चित्रकाराचं ‘काना गावातलं लग्न’. १५६३ साली पुरं झालेलं, पावणेसात मीटर उंच आणि जवळजवळ दहा मीटर रुंद. ते काढलं होतं एका मठाच्या जेवणघरासाठी. जेवता जेवता भिक्षूंनी समोर दुसऱ्यांची मेजवानी बघावी, अशी ती सोय. पुढे १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजेनं ते पॅरिसला नेलं. आज ते लूव्र संग्रहालयात मोनालिसाच्या समोरच्या भिंतीवर आहे. म्हणजे रोज हजारो माणसं मोनालिसाकडे तोंड आणि या लग्नाकडे पाठ करून उभी असतात. जेवणावळीचा इतका मोठा अपमान दुसरा नसेल.

गोष्ट बायबलातली. लग्नात ऐन पंगतीत द्राक्षारस संपतो आणि येशू रांजणातल्या पाण्याचा द्राक्षारस करतो. कोणत्याही मराठी यजमानाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तिसऱ्या पंगतीला बुंदी संपल्याचं आचारी कानात येऊन सांगतो, तेव्हा घरच्या कर्त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते या चित्रातल्या यजमानाच्या बाजूला शोधावं. चित्रात माणसं शंभराच्या वर. वादक आहेत, कुत्री आहेत, वरच्या सज्जात मांस तोडणारे आहेत. एक उंची कपड्यांतली बाई मात्र मला फार आवडते. ती एवढ्या थाटात, एवढ्या चमत्काराच्या क्षणी, काडीनं दात कोरते आहे.

मावशींनी मोबाइलवर चित्र मोठं करून पाहिलं. “माणसं लै हायेत,” त्या म्हणाल्या, “पण आग्रह करायला कोणच दिसंना.”

खरं आहे. त्या मेजवानीत आग्रहाचं खातं नव्हतं. तिथली कला होती ती कापण्याची. भाजलेला पक्षी काट्यावर उचलून हवेतल्या हवेत सुरीनं त्याचे काप पाडायचे आणि ते बरोबर पाहुण्याच्या ताटलीत पडायचे, हे काम करणारा मानकरी वेगळा असे. व्हिन्चेन्झो चेर्वियो नावाच्या अशाच एका जाणत्याचं त्यावर स्वतंत्र पुस्तक आहे, १५८१ सालचं. आपल्याकडे त्या तोडीचं कसब म्हणजे तुपाची धार. तोटीच्या भांड्यातून चालत्या पायानं, न थांबता, प्रत्येक मुदीवर तेवढंच तूप आणि दोन पानांच्या मधल्या जमिनीवर एक थेंब नाही. हे ज्याला जमतं तो वाढपी मी पाहिलेला आहे. त्याच्यावर पुस्तक नाही.

काटेचमच्यांवरून भाचीशी पहिली चकमक झाली. तिनं नक्षीदार काटे भाड्यानं ठरवले होते. इटलीत तेव्हा काटा आला होता हे खरं, पण बाकीच्या युरोपात लोक सुरी आणि बोटं यांवरच जेवत. थॉमस कोरियट हा इंग्रज प्रवासी १६०८ मध्ये इटलीत गेला, काट्यानं खाणारी माणसं बघून चकित झाला, स्वतःही ती सवय घेऊन घरी परतला, आणि मित्रांनी त्याची टर उडवली. त्याच्याही आधी, १५३० साली, इरॅस्मससारखा पंडित मुलांसाठी शिष्टाचाराचं पुस्तक लिहितो आणि त्यात बजावतो की चिकट बोटं चाटू नयेत, अंगरख्याला पुसू नयेत. माणसं चाटत आणि पुसत असल्याखेरीज कुणी असं लिहीत नाही. जेवणाआधी नि नंतर सेवक सुगंधी पाण्याची झारी आणि खाली धरायला तस्त घेऊन फिरत. तांब्या आणि तस्त! आमच्या वाड्यात ते पितळी तस्त माळ्यावर पडून होतं. चिंचेनं घासून ते बाहेर निघालं आणि काट्यांची ऑर्डर रद्द झाली. ऑथेंटिक म्हणजे हातानं, हे भाचीनं थोडं नाखुशीनं मान्य केलं. तिच्या होणाऱ्या सासऱ्यांना मात्र मनापासून हायसं वाटलं.

आता मूळ मुद्दा. त्या काळचं जेवण आणायचं तर इटलीपर्यंत जायचं कशाला? व्हेनिसमध्ये १५७० साली बार्तोलोमेओ स्काप्पी या पोपच्या आचाऱ्याचा पाकशास्त्रावरचा जाडजूड ग्रंथ छापून निघाला. हजाराच्या वर पदार्थ, शिवाय स्वयंपाकघराची, भांड्यांची चित्रं. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १५७१ मध्ये, आपले पैठणचे एकनाथ महाराज काशीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ पुरं करत होते. विवाह द्वारकेच्या कृष्णाचा आणि विदर्भाच्या राजकन्येचा, पण तो लागतो अगदी आपल्या रीतीनं, मराठी घरातल्या मानापमानासकट. लग्न जमत नसलेल्या मुलींनी या ग्रंथाचं पारायण करायचं ही चाल आजही आहे. भाचीनंही केलं होतं म्हणे, आजीच्या आग्रहानं आणि ऑफिसच्या बसमध्ये. म्हणजे तिच्या लग्नाची थीम तिनं नकळत आधीच वाचून ठेवली होती.

माहूरही तेव्हा आजच्यासारखं तालुक्याचं गाव नव्हतं. बहामनी राज्यात महमूद गावाननं वऱ्हाडचे दोन भाग पाडले, त्यातला एक गाविलचा आणि दुसरा माहूरचा. वेरोनेझे चित्र रंगवत होता तेव्हा वऱ्हाडात इमादशाही होती, आणि ती १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशहानं गिळली. अंबाजोगाईचे दासोपंत याच पिढीतले. त्यांनी दत्तासाठी माहुरात तप केलं असं परंपरा सांगते. दासोपंतांची ती प्रसिद्ध पासोडी, लांबच लांब कापडावर लिहिलेला ग्रंथ, हे त्या काळातलं मराठवाड्यातलं सर्वात लांब वस्त्र असावं ज्यावर कुणी जेवायला बसलं नाही. भाचीच्या डेकोरेटरला मी ते सांगितलं नाही. त्यानं त्याचा टेबलक्लॉथ केला असता.

तेव्हा मी ठरवलं, मेनू १५७१ चा. मांडणी पैठणची, दिमाख व्हेनिसचा. कागद-पेन घेऊन आचाऱ्याला बोलावलं. आचारी किनवटकडचा, मोठी जेवणं उठवलेला, कमी बोलणारा. त्याला म्हटलं, साडेचारशे वर्षांपूर्वीचं जेवण करायचंय. तो म्हणाला, “करू की. काय काय टाकायचं सांगा.”

“टाकायचं नंतर. आधी काय टाकायचं नाही ते लिहून घ्या. टमाटे नाहीत. बटाटा नाही.”

“उपासाच्या माणसाला?”

“साबुदाणाही नाही. मका नाही. लाल भोपळा नाही. शेंगदाणा नाही.”

इथं त्याची पेन्सिल थांबली. “शेंगदाण्याचं कूट?”

“कूट नाही, चटणी नाही, तेलही नाही. आणि हिरवी मिरची, लाल तिखट, दोन्ही नाही.”

त्यानं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल कानावर ठेवून म्हणाला, “मंग साहेब, आमाला बोलावलात कामून?”

त्याचं चुकलं नव्हतं. हे सगळं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज गलबतांतून ते किनाऱ्यावर उतरलं आणि देशावरच्या घराघरात रुळायला त्याला बराच काळ जावा लागला. आज नांदेड-लातूरकडे मिरची आणि शेंगदाणा वजा केला तर जेवण म्हणून जे उरतं त्याला लोक पथ्य म्हणतात. आपण ज्याला आजीच्या हातची अस्सल चव म्हणतो, तिच्यातला निम्मा माल कोलंबसानंतरचा आहे. गंमत म्हणजे इटलीचंही तेच. टोमॅटो १५४८ साली फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या दरबारात पोचल्याची नोंद आहे, पण तो खायचं फळ म्हणून नव्हे, नवलाई म्हणून. त्यामुळे पुण्याच्या इव्हेंटवाल्यांनी सुचवलेला पिझ्झा काउंटरही बाद झाला. लाल सॉसवाला पिझ्झा रेनेसान्समध्ये बसत नाही, हे सांगताना मला जो आनंद झाला तो नोकरीत क्वचितच मिळाला आहे.

मग काय उरलं? बरंच उरलं. मिरी, आलं, सुंठ, पिंपळी, हिंग, जिरं, चिंच, तीळ, जवस. व्हेनिस श्रीमंत झालं होतं ते या मिरीच्याच व्यापारावर. त्या टेबलावरची मिरी आणि आपल्या आमटीतली मिरी दोन्ही मलबारच्या वेलांवरची. वांगं होतं, पडवळ, दोडकं, कारलं, सुरण होतं. ज्वारी, गहू, तूर, हरभरा, उडीद होते. दही, दूध, तूप, गूळ यांना तर काळाचं बंधन नाही. जिलबीसुद्धा चालते, पंधराव्या शतकातल्या एका जैन ग्रंथातल्या मेजवानीत ती आहे, आणि सतराव्या शतकातल्या रघुनाथाच्या ‘भोजनकुतूहला’त तिची कृतीही दिलेली आहे. प. कृ. गोडे यांनी हा जिलबीचा माग काढून ठेवला आहे. संशोधकानं आयुष्यात एकदा तरी इतकं गोड काम करावं.

मांडे तर त्याहून जुने. लातूरच्या सरहद्दीपलीकडे बसवकल्याण आहे, तिथं चालुक्यांचा सोमेश्वर राजा राज्य करत होता. त्यानं ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात अन्नभोगाचं वेगळं प्रकरण आहे आणि त्यात मांड्यांना मान आहे. त्याच प्रकरणात शेतातले उंदीर भाजून खायची रीतही आहे. आचाऱ्यानं “ते पण करायचं का?” असं अगदी गंभीरपणे विचारलं. व्यावसायिक माणूस.

मिरीची आमटी त्यानं दोन दिवस आधी करून आणली. काळी मिरी, धने, तीळ आणि चिंचगूळ. मावशींनी चमच्यानं चाखली, थोडा वेळ तोंडात घोळवली. तिखट आधी जिभेवर काही बोललं नाही, मग घशात जाऊन बोललं. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. “हे तिखट मागून येतंय,” त्या म्हणाल्या आणि अजून एक चमचा घेतला.

आता साखर. या विषयात इटालियन आणि आपण यांत कोण वरचढ, याचा निकाल मी अजून दिलेला नाही. मेजवानीत तिकडे साखरेचे पुतळे मांडत : देव, घोडेस्वार, किल्ले, सिंह. १६०० सालच्या ऑक्टोबरात फ्लॉरेन्सला मारिया द मेदिची हिचं फ्रान्सच्या राजाशी लग्न लागलं, त्या मेजवानीतले साखरेचे पुतळे जांबोलोन्या या थोर शिल्पकाराच्या शाळेतून घडवून आणले होते. नवरदेव तेवढा हजर नव्हता. राजाच्या वतीनं नवरीचा काकाच उभा राहिला. आपल्याकडे राजेरजवाडे नवऱ्याऐवजी खांडा पाठवत, त्यातलाच प्रकार. जेवण मात्र दोन्हीकडे नवऱ्यावाचून अडलं नाही. त्याआधी १५७४ मध्ये फ्रान्सचाच तिसरा हेन्री व्हेनिसला आला, तेव्हा टेबलावरच्या ताटल्या, सुऱ्या, रुमाल सगळं साखरेचं होतं. राजानं हात पुसायला रुमाल उचलला आणि तो त्याच्या बोटांत मोडला, असं सांगतात.

हे ऐकून भाची म्हणाली, “मामा, असं आपल्याकडे कुठं मिळेल?” मी तिला आतल्या खोलीत नेलं. तिथं तिच्या काक्या-माम्या रुखवत मांडत होत्या.

रुखवताचं टेबल नीट बघायला आपल्याला कधी सवड नसते. वर्‍हाड आलेलं असतं, कुणाचं तरी पाकीट सापडत नसतं. या वेळी मी बघितलं. साखरेचं तुळशीवृंदावन, कोनाड्यात दिव्यासकट. बत्ताशांची उतरंड. पापडाच्या भिंती आणि कुरडयांचं छप्पर असलेलं घर. हलव्याचा हार, बाजूबंद, मुकुट. एकेक दाणा काट्यांनी फुललेला. तीळ-साखरेला मंद आचेवर परातीत तासन्‌तास बोटांनी फिरवावं तेव्हा तो काटा येतो, आणि आच जरा वाढली की काटा जाऊन नुसता गोळा उरतो. संक्रांतीचा हलवा वैशाखात कसा, असं मी विचारलं, तर मामीनं सांगितलं की जानेवारीतच करून डब्यात ठेवला होता, लग्न ठरलेलं नव्हतं तेव्हा. सुपारीचे नवरानवरी तर होतेच. नवरा हजर होता, हे फ्लॉरेन्सपेक्षा बरं. नवऱ्याला मिशीही होती, एका काळ्या तिळाची.

मेदिचींच्या त्या पुतळ्यांवर आज इतिहासकार प्रबंध लिहितात. आमच्याकडे मामीचं वृंदावन दुसऱ्या दिवशी पोरं चाटून संपवतात आणि पापडाचं घर वरपक्षाच्या डिकीत चेपतं. सामान तेच, हौस तीच, हाताला तेवढंच कसब. एकाला कला म्हणायचं आणि दुसऱ्याला ‘बायकांची हौस’, हे मला पटत नाही. भाचीला मी सांगितलं, तुझ्या थीमचं मधलं टेबल हेच. रुखवत कोपऱ्यातून उचलून मांडवाच्या मधोमध घ्या. इव्हेंटवाल्यांनी फोमचा पांढरा खांब आणि थर्माकोलचे दोन देवदूत आणले होते. ते कोपऱ्यात गेले.

रुमालांच्या घड्या हाही तिकडचा मोठा षोक. मातिया गीगर नावाच्या माणसानं १६२९ साली पादुआत छापलेल्या पुस्तकात रुमालाची जहाजं, मासे, पक्षी कसे करायचे त्याची चित्रं दिली आहेत. तालुक्याच्या गावातल्या हॉटेलात स्टीलच्या ग्लासात पंख्यासारखा खोचलेला टिश्यू पेपर दिसतो, तो या गीगरचा शेवटचा वारस. तो घेतल्याशिवाय ग्लासात पाणी ओतता येत नाही आणि घेतला की त्याचं काय करायचं ते कळत नाही. तो मी काढून टाकायला लावला.

आणि मीठ. मिठाबद्दल जरा सविस्तर बोलू द्या. बेन्वेनुतो चेल्लिनी या सोनारानं फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिस राजासाठी १५४०-४३ मध्ये अस्सल सोन्याचं मीठदान घडवलं. समुद्रदेव आणि भूदेवी समोरासमोर बसलेले, त्याच्या बाजूला मिठाची नौका, तिच्या बाजूला मिरीचं देऊळ. ते व्हिएन्नाच्या संग्रहालयातून २००३ मध्ये चोरीला गेलं आणि २००६ मध्ये जंगलात पुरलेलं सापडलं. चिमूटभर मिठासाठी एवढा खटाटोप! सरदारांच्या मेजावर असं मोठं मीठदान एकच असे, आणि कोण त्याच्या वरच्या अंगाला बसला नि कोण खालच्या, यावरून ज्याची त्याची पत कळे.

आपल्या पंगतीत मीठ प्रत्येकाचं वेगळं. पानाच्या वरच्या टोकाला, मधोमध, सगळ्यात आधी. मग डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं; उजवीकडे भाज्या; मध्ये मूद. अंधारात बसवलं तरी माणसाचा हात बरोबर लोणच्यावर जावा इतकी ही मांडणी पक्की. टेबल नाही, खुर्ची नाही, पण भूगोल आहे. आणि पळसाच्या पत्रावळीला स्वतःचा वेगळा भूगोल असतो. पातळ वरण आलं की ते टाक्यांच्या फटीतून वाट काढायला निघतं. तेव्हा आधी भाताला बोटांनी आळं करायचं, कडा जरा दाबून उंच घ्यायच्या, आणि वरण आत पडलं की पूर्वेकडची कड आधी खायची नाही. ज्यानं घाईनं ती खाल्ली, त्याचं वरण शेजाऱ्याच्या मांडीकडे निघालंच. भाचीच्या ऑफिसातल्या एका मुलाचं गेलं. शेजारी सरपंच होते. त्यांनी काही न बोलता त्याच्या आळ्याला आपल्या भाताचं एक ठिगळ लावून दिलं.

प्रत्येकाच्या पानावर वेगळं मीठ म्हणून आपल्याकडे सगळे सारखे होते, असं मात्र म्हणायची सोय नाही. आपण पत मीठदानावरून नव्हे, पंगतीवरून ठरवली. पहिली पंगत कुणाची, शेवटची कुणाची, कुणी मांडवाबाहेर थांबायचं, कुणाला शिळं-उरलेलं बांधून न्यायचं, याची काटेकोर रीत होती, आणि ती चित्रात काढण्याजोगी सुंदर नव्हती. एकनाथांनी श्राद्धासाठी रांधलेलं अन्न, वासानं आशाळभूत झालेल्या, गावाबाहेर ठेवलेल्या भुकेल्या माणसांना आधी वाढलं आणि गावातल्या ब्रह्मवृंदानं बहिष्काराची धमकी दिली, ही गोष्ट महिपतींसारख्या चरित्रकारांनी सांगितली आहे. १५७१ ची थीम करायची तर हेही आठवावं लागतं. भाचीनं एक गोष्ट आपणहून केली, मला न विचारता. मांडव घालणारे, वाजंत्री, गाड्यांचे ड्रायव्हर आणि आचाऱ्याची पोरं यांना तिनं पहिल्याच पंगतीत बसवलं आणि स्वतः मीठ वाढायला घेतलं. वरपक्षातल्या एका काकांचं तोंड जरा वाकडं झालं. दुसऱ्या पंगतीत मठ्ठा पिऊन ते सरळ झालं.

दत्तात्रेयांचा दिनक्रम आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतो : स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, भोजन गोदाकाठच्या पांचाळेश्वराला आणि निद्रा माहूरला. म्हणजे देवाच्या हिशेबात माहूर हे जेवणानंतरचं गाव. त्यामुळे इथली जेवणावळ विड्यावाचून संपतच नाही. व्हेनिसमध्ये शेवटी साखरेत घोळलेली बडीशेप, मसाल्याची मिठाई आणि दात कोरायच्या काड्या फिरत. माहुरात तांबूल फिरतो. रेणुकेच्या प्रसादाचा हा तांबूल सुटा विडा नव्हे. पान, सुपारी, कात आणि सुवासाचे जिन्नस घालून खलात कुटलेला. दात नसलेल्या माणसालाही तो खाता येतो. मावशींनी तो घरीच कुटायला घेतला होता. पहाटेपासून अंगणात ठोके चालू होते, आणि डीजे लावायचा की नाही यावर वाद घालणाऱ्या तरुण मंडळींना त्या ठोक्यांवर बोलता येत नव्हतं, म्हणून वाद आपोआप मिटला. त्या वेरोनेझेच्या दात कोरणाऱ्या बाईला चिमूटभर तांबूल द्यावा असं मला फार वाटलं.

तर अशा थीमचं लग्न कुणाच्या घरी निघालंच, तर माझा अनुभवाचा सल्ला ऐका. मिरीची आमटी लोक दोनदा मागतात, पण शेंगदाण्याची चटणी एका वाटीत लपवून ठेवा; घरची मोठी माणसं शोधत येतात आणि त्यांच्याशी इतिहासावर वाद घालण्यात अर्थ नसतो. मांडे करणारी बाई आधी शोधा, मग मंगल कार्यालय बुक करा, कारण कार्यालयं पुष्कळ आहेत. रुखवत मधोमध घ्या. आणि पत्रावळी बाजारातून ऐनवेळी आणू नका. दुकानात मिळतात त्या बहुतेक यंत्रावर दाबलेल्या, आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा लावलेल्या असतात. त्यांत वरण पळत नाही हे खरं, पण जेवणानंतर त्या गाईपुढे टाकता येत नाहीत. किनवट-माहूरच्या रानात पळस भरपूर आहे. काडीनं हातानं टाचलेल्या पत्रावळी हव्या असतील तर करणाऱ्या बायकांना महिनाभर आधी सांगा, आणि पैसे रोख द्या.